तारे ठिपक्यासारखे येत नाहीत? लेन्स दुरुस्तीला द्यायच्या आधी एवढं तपासा

दिवाळी झाली, आकाश निवळलं की हा प्रश्न माझ्याकडे येऊ लागतो: "दादा, लेन्स गेली वाटतं. तारे शार्प येतच नाहीत." हरिश्चंद्रगड, भंडारदरा, नाणेघाट अशा ठिकाणी रात्री आकाशाचे फोटो काढायला लागून मला बारा वर्षं झाली. या काळात माझ्या आणि सोबतच्यांच्या कॅमेऱ्यांत ही तक्रार मी इतक्यांदा सोडवली आहे की फोटो पूर्ण झूम करून पाहिला की बहुतेक वेळा कारण कळतं. लेन्स खरोखर बिघडली होती अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांचा उपाय जागेवरच होता आणि बहुतेकदा फुकट होता.

म्हणून कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी ताऱ्याचा आकार बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर अख्खा फोटो नेहमीच छान दिसतो, त्यावर विसंबू नका. जास्तीत जास्त झूम करा आणि मधला भाग, चारही कोपरे आणि खालची जमीन असं सगळं पाहा.

लक्षणं

तारा गोल पण फुगलेला, छोट्या चकतीसारखा दिसत असेल आणि फोटोभर असंच असेल, तर फोकस चुकलाय.

तारा छोट्या रेघेसारखा आणि जमीन मात्र स्वच्छ, तर शटर जास्त वेळ उघडं राहिलंय. ध्रुवाजवळच्या रेघा आखूड आणि त्याच्यापासून लांबच्या लांब असतील तर शंकाच नको.

सगळे तारे एकाच आकाराचे वाकडेतिकडे, कुणी आकडा काढावा तसे किंवा जोडीनं आलेले, आणि डोंगराची कडही दुहेरी, तर कॅमेरा हलला.

ताऱ्याभोवती मऊ उजेडाचं वलय, बारीक तारे गायब, सगळा फोटो दुधट, तर दव, बोटांचे ठसे, फिल्टर किंवा हवेतला धूर. सुरुवातीचे फोटो चांगले आणि पुढे पुढे बिघडत गेले असतील तर जवळजवळ नक्की दव.

मधले तारे ठिपके, पण चारही कोपऱ्यांतले पंख पसरलेल्या पाखरासारखे, तर तो लेन्सचा मूळ स्वभाव आहे, बिघाड नाही.

एकाच बाजूचे तारे कायम फुगलेले आणि दुसऱ्या बाजूचे चांगले, तर मात्र लेन्सकडे संशयानं बघावं. त्याबद्दल शेवटी सांगतो.

आता सोप्या आणि बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरुवात करू.

पुढची काच आणि फिल्टर

टॉर्च लेन्सच्या पुढच्या काचेवर तिरकी धरा. बोटाचा तेलकट ठसा दिवसाच्या फोटोत कळतही नाही. रात्री मात्र काळ्याभोर पार्श्वभूमीवर ताऱ्याचा उजेड त्या ठशातून पसरतो आणि वलय दिसतं. आधी ब्लोअरनं धूळ उडवा, मगच स्वच्छ मायक्रोफायबर कापडानं पुसा. धूळ असताना कापड घासलं तर चरे पडतील.

यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर काढून ठेवा. रात्री त्याचा काही उपयोग नसतो. उलट तेजस्वी तारा किंवा खालच्या गावातला एखादा दिवा फिल्टर आणि लेन्स यांच्यात परावर्तित होऊन फोटोत भुतासारखा दुसरीकडेच उमटतो. एका मित्राची तीन महिन्यांची तक्रार फिल्टर काढल्याबरोबर मिटली.

एवढं करूनही पहिल्या फोटोपासूनच वलय येत असेल तर हवा बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीत वणवे लागतात, त्यांचा धूर संध्याकाळनंतर दरीत बसतो. पातळ ढगांनीही हेच होतं. अशा वेळी नुसत्या डोळ्यांनाही व्याध नेहमीसारखा टोचत नाही. याला उपाय नाही, जागा किंवा रात्र बदलायची.

फोकस: सगळ्यात जास्त वेळा इथेच

लेन्सवर अनंताची खूण असते, लोक रिंग तिथे नेऊन ठेवतात आणि निर्धास्त होतात. पण बऱ्याच लेन्सची रिंग त्या खुणेच्याही पुढे फिरते, कारण उष्णतेनं लेन्सच्या आतले भाग किंचित फुगतात-आकसतात आणि त्यासाठी थोडी जागा ठेवलेली असते. खरा अनंत त्या खुणेच्या आसपास कुठेतरी असतो. दिवसाच्या फोटोत एवढी चूक खपून जाते, ताऱ्यात नाही. तारा म्हणजे केवळ एक बिंदू, केसभर चूक झाली तरी त्याची चकती होते.

मी असं करतो. ऑटोफोकस बंद, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, लाइव्ह व्ह्यू चालू. आकाशात जो तेजस्वी तारा असेल तो फ्रेमच्या मध्यावर आणायचा. हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्वाती, नंतर अभिजित. स्क्रीनवर दहा पट झूम करायचं आणि रिंग अगदी हळू फिरवायची. आधी फिकट मोठी चकती दिसेल, ती लहान होत जाईल. बऱ्याच लेन्समध्ये ताऱ्याच्या कडेला एका बाजूला जांभळट-लालसर झाक येते आणि रिंग पुढे गेली की ती हिरवट होते. या दोन रंगांच्या मधोमध जिथे रंग मरतो आणि तारा सगळ्यात बारीक होतो, तिथे थांबायचं. शिवाय तारा जसा बारीक होतो तसे त्याच्या बाजूचे, आधी न दिसणारे तारे स्क्रीनवर उगवतात. माझा सगळ्यात जास्त भरवसा यावरच आहे. चकती लहान झाली की नाही यात डोळा फसतो, पण नवा तारा दिसला की नाही यात फसत नाही.

मग दहा सेकंदांचा एक फोटो काढून झूम करून खात्री करा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. मी औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी पट्टी वापरतो, ती डिंक न सोडता निघते.

इथे एक सापळा आहे. आजच्या बऱ्याच मिररलेस लेन्सची फोकस रिंग आतल्या काचांना थेट जोडलेली नसते. रिंग फक्त मोटरला इशारा देते. अशा लेन्सवर चिकटपट्टीचा उपयोग नाही, कारण कॅमेरा बंद करून चालू केला किंवा तो आपोआप झोपी गेला की फोकस जागचा हलू शकतो. तुम्ही बॅटरी बदलता, रिंग जशीच्या तशी असते आणि पुढचे सगळे फोटो वाया जातात. काही कॅमेऱ्यांत फोकसची जागा लक्षात ठेवायचा पर्याय मेनूमध्ये असतो, तो शोधून चालू करा. नसेल तर ऑटो पॉवर ऑफ बंद ठेवा आणि प्रत्येक वेळी कॅमेरा चालू केल्यावर ताऱ्यावर फोकस पुन्हा करा.

झूम लेन्स असेल तर आणखी एक गोष्ट. कॅमेरा वर डोक्यावरच्या आकाशाकडे धरला की स्वतःच्या वजनानं झूमची नळी हळूहळू मागे सरकते. झूम बदलला की फोकसही बदलतो. झूमच्या रिंगलाही पट्टी लावा.

किती सेकंद?

जुना नियम सगळ्यांना पाठ असतो: ५०० भागिले फोकल लेन्ग्थ, म्हणजे लेन्सचा मिमीमधला आकडा. पण क्रॉप सेन्सर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर, असेल तर फोकल लेन्ग्थला आधी १.५ किंवा १.६ नं गुणायचं असतं, ते कित्येक जण विसरतात. १६ मिमी लेन्सला ५०० भागिले १६ करून ३१ सेकंद ठेवतात आणि रेघा आल्या की लेन्सला दोष देतात. गुणाकार केला तर उत्तर २० सेकंदांच्या आसपास येतं.

माझ्या मते हे २०सुद्धा जास्तच आहेत. पृथ्वी फिरते म्हणून आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं (विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग). २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर १६ मिमी लेन्स लावली की एका पिक्सेलमध्ये साधारण ५० विकला मावतात. म्हणजे २० सेकंदांत तारा ३०० विकला, अर्थात सहा पिक्सेल सरकला. सहा पिक्सेलचा तारा ठिपका राहत नाही. ५०० चा नियम फिल्मच्या काळातला आहे. तेव्हा एवढी बारीक रेघ दिसत नसे. मी १६ मिमीला १० ते १२ सेकंदांच्या वर जात नाही. उजेड कमी पडतो, तो आयएसओ ३२०० पर्यंत नेऊन भरून काढतो आणि एकाच फ्रेमचे दहा-पंधरा फोटो लागोपाठ काढून सिक्वेटरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचतो. त्यानं जास्त आयएसओमुळे आलेले दाणे विरतात आणि तारे टोकदार राहतात.

आकाशाचा कोणता भाग आहे त्यावरही ठरतं. मृगाच्या पोटातला बाण जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेवर आहे, तिथे तारे सगळ्यात वेगानं सरकतात. धनू राशीकडचा आकाशगंगेचा गाभा या रेषेच्या दक्षिणेला २९ अंशांवर, तिथे वेग थोडा कमी. ध्रुवाकडे कॅमेरा असेल तर बराच जास्त वेळ चालतो.

ट्रायपॉड आणि हलणं

कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर स्टॅबिलायझर बंद करा, लेन्सवरचाही आणि कॅमेऱ्याच्या आतलाही. नसलेली थरथर शोधत काही स्टॅबिलायझर स्वतःच काच हलवतात. शटर बोटानं दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. गळपट्टा काढून टाका, वाऱ्यात तो शिडासारखा फडफडतो. मधला दांडा वर घेऊ नका. पायांचे सर्वात बारीक टप्पे शेवटी उघडा आणि जमलं तर उघडूच नका. बॅग खाली टांगायची असेल तर ती जमिनीला टेकलेली असू द्या. लोंबकळणारी बॅग लोलक होते आणि वाऱ्याचा त्रास उलट वाढवते.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा दरीतून थेट वर येतो. तिथे कड्यापासून मागे सरकून एखाद्या कातळाच्या आडोशाला ट्रायपॉड खाली बसवला तर फोटो वाचतात. कड्याच्या टोकावर उभं राहून चांगली फ्रेम मिळते हे मान्य, पण अंधारात त्या कडेवर ट्रायपॉड लावायला कुणालाही मी जाऊ देत नाही.

दव

हे कारण मला सगळ्यात उशिरा कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी डिसेंबरात मिथुन राशीतल्या उल्कावर्षावासाठी आम्ही गडावर होतो. मी कॅमेरा टाइमलॅप्सला लावून रात्रभर चालू ठेवला. घरी येऊन पाहिलं तर साडेअकरापर्यंतचे फोटो सुरेख, त्यानंतर तारे मऊ होत गेले आणि दोनच्या पुढे नुसता राखाडी पडदा. मी लेन्स दुरुस्तीला टाकली. ती साफ होऊन आली, मी पैसे भरले आणि पुढच्याच महिन्यात भंडारदऱ्याला तेच झालं. तेव्हा पहाटे लाल टॉर्च लावून मी प्रथमच लेन्सकडे समोरून पाहिलं. काचेवर मोहरीच्या दाण्याहून बारीक थेंबांचा सलग थर होता, आणि प्रत्येक थेंबात टॉर्चचा एकेक लाल ठिपका चमकत होता. लेन्सला कधीच काही झालं नव्हतं.

स्वच्छ रात्री उघड्या आकाशाखालची काच आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. तिचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्याच्या, खाली गेलं की हवेतलं बाष्प तिच्यावर जमतं. म्हणून धुकं नसतानाही लेन्स भिजते, आणि आकाश जितकं निरभ्र, वारा जितका शांत तितकं दव जास्त. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत आम्ही ज्यांच्याकडे जेवतो ते मामा संध्याकाळीच अंगणातल्या गवतावरून हात फिरवून सांगतात, "आज दहिवर लई पडल." त्यांचा अंदाज मी चुकलेला पाहिला नाही.

दव पडल्यावर पुसू नका. ओली काच पुसली की पाण्याचा पातळ पडदा पसरतो आणि पाच मिनिटांत नवे थेंब येतात. काच किंचित उबदार ठेवणं हाच उपाय. हूड लावा, तो फुकटात थोडा वेळ मिळवून देतो. त्यानंतर पॉवर बँकेवर चालणारा लेन्स हीटरचा पट्टा घ्या. हीटर दव पडायच्या आधीपासून चालू हवा. पट्टा पुढच्या काचेच्या जवळ गुंडाळा, पण फोकस रिंगवर नको, गुंडाळताना रिंग फिरते. आणि पट्टा लावल्यावर लगेच फोकस करू नका. वीसेक मिनिटं लेन्स नव्या तापमानाला स्थिरावू द्या, मग करा. हीटर विसरलात तर थंडीत हातात धरायच्या गरम पुड्या मिळतात, त्यातल्या दोन मोजाच्या कापडानं लेन्सभोवती बांधल्या तरी काही तास निघतात.

दवासारखंच हळूहळू बिघडणारं दुसरं कारण म्हणजे तापमान उतरल्यानं सरकलेला फोकस. ओळखायची खूण सोपी आहे. दवात ताऱ्याभोवती धूसर वलय येतं आणि बारीक तारे मावळतात. फोकस सरकला तर तारा स्पष्ट कडेची चकती होतो आणि आकाश काळंच राहतं. म्हणून मी तासातासानं एक फोटो झूम करून पाहतो.

आणि परतल्यावर थंडगार कॅमेरा उबदार खोलीत उघडा ठेवू नका. बॅगेची चेन लावूनच आत न्या आणि दोनेक तास तशीच राहू द्या. कोकणात किंवा गोव्यात याच्या उलट घडतं: एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर दमट हवेत काढला की काच तत्काळ धुकटते. तिथे संध्याकाळपासूनच कॅमेरा बॅगेत घालून व्हरांड्यात ठेवा.

कोपऱ्यातली पाखरं

अ‍ॅपर्चर एक-दोन पायऱ्या बंद करा, १.८ असेल तर २.८ वर न्या. चारही कोपरे एकसारखे सुधारले तर लेन्स ठणठणीत आहे. याला कोमा म्हणतात आणि मोठ्या अ‍ॅपर्चरच्या बहुतेक लेन्समध्ये तो कमी-जास्त असतोच.

एकच बाजू खराब असेल तर

आता वेळ आणि संयम लागणारी चाचणी. चांदण्या रात्री गच्चीवर ट्रायपॉड लावा, फोकस नीट करा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून एकच तेजस्वी तारा मध्यभागी, मग एकेका कोपऱ्यात असे पाच फोटो घ्या. शहराच्या उजेडातही हे जमतं, सेकंद कमी ठेवा. मग कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून उभा करा आणि पुन्हा पाच घ्या. खराब बाजू कॅमेऱ्याबरोबर फिरली, म्हणजे आडव्यात डावी असलेली उभ्यातही सेन्सरची तीच कड निघाली, तर दोष आकाशात किंवा तुमच्या पद्धतीत नाही. आता दुसरी लेन्स लावून तेच करा, मित्राकडून मागून घ्या. दुसरी लेन्स चांगली आली तर पहिल्या लेन्समधली एखादी काच तिरकी झाली आहे, बहुधा कधीतरी पडल्यानं किंवा आपटल्यानं. दोन्ही लेन्सना तोच दोष आला तर कॅमेऱ्याचा माउंट (लेन्स जिथे बसते ती कडी) किंवा सेन्सर तिरका आहे.

लेन्स हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळतं म्हणून घाबरू नका. स्टॅबिलायझर असलेल्या पुष्कळ लेन्स बंद असताना असा आवाज करतात.

शेवटी बुरशी. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर उघडं ठेवा आणि मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात, कपाटात चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलेल्या लेन्सचं हे नेहमीचं दुखणं आहे.

इथे थांबा

काच तिरकी, माउंट किंवा सेन्सर तिरका, आत बुरशी किंवा आत ओल: या चारही गोष्टींत स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. माउंटचे स्क्रू सैल वाटले तरी स्वतः उघडू नका. काही लेन्समध्ये माउंटखाली कागदासारख्या पातळ पट्ट्या असतात, त्यातली एक जागची हलली तरी जी बाजू चांगली होती तीही जाते. काचा परत बसवताना त्यांचं केंद्र जुळवायला यंत्र लागतं, ते घरी नाही जमत. बुरशीसाठी लेन्स उन्हात ठेवायचा सल्ला खूप जण देतात. त्यानं आतले तंतू निघत नाहीत, आणि तापून आतलं वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर आलं तर दुसरं दुखणं लागतं. बुरशी लागलेली लेन्स इतर लेन्सपासून वेगळी ठेवा आणि लवकर न्या, कारण ती काचेवरचं कोटिंग खाते, आणि खाल्लेलं कोटिंग साफसफाईनं परत येत नाही. बाकीच्या लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असं पाहा.

दुरुस्तीला जाताना "शार्प येत नाही" एवढंच सांगू नका. वरचे दहा फोटो पेन ड्राइव्हवर न्या, कोणती बाजू, कोणतं अ‍ॅपर्चर, दुसऱ्या लेन्सनं काय आलं ते कागदावर लिहून द्या. काम सुरू करण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी मागा. किट लेन्स असेल तर तेवढ्यात वापरलेली दुसरी मिळते का तेही बघा. बुरशी असेल तर कोटिंग खाल्लं गेलंय का, हे आधी विचारा. आणि लेन्स परत आली की त्याच आठवड्यात गच्चीवर तोच तारा चार कोपऱ्यांत धरून फोटो काढा, जुन्या फोटोंशेजारी ठेवून ताडून पाहा. फरक पडला नसेल तर दुरुस्तीच्या हमीची मुदत संपायच्या आत लेन्स परत नेता येते.